चिंचेने घासलेला पैसा

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मित्रांना नाही, देवासमोर बसूनही नाही — तिथे तर मी डोळे मिटून भलतंच काही मागत बसतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जरा सोपं जातंय.

मला जुन्या तांब्याच्या नाण्यांचा नाद आहे. रविवारी सकाळी प्रतापनगरातल्या आमच्या ओसरीवर छत्रीचं काळं कापड अंथरायचं, त्यावर नाणं ठेवायचं आणि ऊन तिरपं आहे तोवर फोटो काढायचे. सुमन — माझी बायको — आरशाने नाण्यावर कवडसा पाडायची. मग आम्ही प्रत ठरवायचो. आमच्याकडे प्रती तीनच: उत्तम, बरी आणि ‘राहू दे’. नाण्यांवरची फारसी दोघांनाही वाचता येत नाही, पण झिजलेल्या अक्षराचा फराटा कुठे वळतो ते तिला माझ्याआधी दिसायचं. नाणं बोटांत फिरवत ती म्हणायची, “अहो, याले ‘बरी’ काहून म्हणता? नीट पाहा ना.” आणि तिचंच खरं निघायचं. फार सुखाचे रविवार होते ते.

रामटेकचे नामदेवराव शाळामास्तर, माझ्यासारखेच नादी. त्यांना त्यांच्या शेतात, धानाच्या बांधीत, भोसल्यांच्या काळातला एक पैसा सापडला. गडद तपकिरी, काठाला हिरवट झाक. फोटोसाठी म्हणून त्यांनी तो रुमालात बांधून माझ्या हाती दिला. आठवड्याने नेतो म्हणाले.

आता, तुम्हाला हा नाद नसेल तर एक सांगायला हवं. तांब्यावर इतक्या वर्षांत जो रंग मुरतो, तोच त्या नाण्याचा दागिना. तो गेला की नाणं गेलं. म्हणून कधी घासायचं नाही — हे मीच लोकांना ओरडून सांगत आलो आहे.

आणि तरी? सीताबर्डीच्या स्टुडिओतून फोटो धुऊन आले, त्यात त्या पैशाचा नुसता काळा ठिपका. मला राग आला. माझा फोटो फसतो म्हणजे काय! सुमन शेजारी गेली होती. मी चिमूटभर चिंच घेतली — अक्षरांपुरतीच. बोट एकदा फिरवलं, मग सारखं दिसावं म्हणून पुन्हा, मग दुसरी बाजू. पाच मिनिटांत पैसा गुलाबी, नवाकोरा झाला.

इथवर चूक म्हणा. चूक कोणाच्याही हातून होते. मी सांगायला बसलोय ते पुढचं आहे.

महालक्ष्म्या दोन दिवसांवर आल्या होत्या. मोरीत पूजेची तांब्याची भांडी चिंच लावून ठेवलेली होती. मी तो पैसा त्यांतल्या ताम्हणात टाकला. हो — पडला नाही, टाकला. आणि ओसरीवर येऊन पेपर उघडला.

सुमन परत आली, भांडी घासायला बसली आणि थोड्या वेळाने ओरडलीच. “अवं माय! हा पैसा इथं कसा आला? मले दिसलाच नाही!” पूजेच्या सुपाऱ्या-पैशांबरोबर आपणच तो उचलून आणला, असं तिला वाटलं. मी तिला तसं वाटू दिलं. एवढंच नाही — मी तिला माफ केलं. “राहू दे, होते असं,” म्हणालो, अगदी मोठ्या मनाने.

नामदेवराव आले तेव्हा तिनेच तो पैसा त्यांच्यापुढे ठेवला आणि रडली. “काहून रडता वहिनी? पैसाच तो, जीव थोडी गेला,” ते म्हणाले. पण जाताना त्यांनी तो रुमालात बांधला नाही. नुसता खिशात टाकला.

सुमन अजून बहिणींना सांगते — माझ्या हातून एवढं नुकसान झालं, पण यांनी आवाज चढवला नाही. नात्यात मी शांत माणूस म्हणून ओळखला जातो. आणि मला ते आवडतं. खोटं कशाला बोलू? मला झोप चांगली लागते, जेवण गोड लागतं. खरं सांगता आलं नसतं का? शंभरदा आलं असतं. पण माफ करणाऱ्याचा मान एकदा चाखला, तो सोडवला नाही.

बारा वर्षं झाली. नवं नाणं मिळालं की अजूनही मी सुमनला हाक मारतो. ती येते, वाकून बघते, प्रत सांगते — अजूनही बरोबर सांगते. “घे ना हातात,” मी म्हणतो. ती हसून मान हलवते आणि दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवते.