केस उगवण्याचे तेल

नोकरीत खून, दरोडे पुष्कळ पाहिले. पण तिवशाच्या ठाण्यावर असताना हाती आलेले विषबाधेचे एक प्रकरण काही केल्या मनातून जात नाही. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता आणि मी नवाच फौजदार होतो.

एके दिवशी सकाळी अकोल्याकडचा एक तरुण बागवान ठाण्यात आला. त्याची बहीण अमरावतीच्या दवाखान्यात बेशुद्धीत बडबडत पडली होती आणि तिला सासूने विष घातले, अशी त्याची फिर्याद होती. बहिणीचे सासर तिवशातच, गावाबाहेर भाजीपाल्याचा आणि शेवंतीचा मळा. नवरा अकोल्याच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, त्यामुळे घरी सासू आणि सून दोघीच. मुलगी मागे विषमज्वरातून उठली होती. त्यानंतर सासू तिला माहेरी पाठवेना आणि माहेरचे कोणी आले तर फार वेळ बोलूही देईना, असे भाऊ सांगत होता. दवाखान्यात बहिणीच्या उशाशी बसलेल्या सासूला त्यानेच हाकलून लावले होते.

शेजारणीच्या जबानीने संशय आणखी वाढला. रोज दुपारी सासू सुनेला आतल्या खोलीत नेऊन कडी लावी. आतून कण्हण्याचा आवाज येई. त्या दिवशी आवाज जास्तच आला म्हणून शेजारीण अंगणात गेली, तर सासूने दार किलकिले करून तिला परत पाठवले. संध्याकाळपर्यंत सून हवेत नसलेले धागे वेचू लागली आणि कोणालाच ओळखेना.

बुबुळे ताणलेली, तोंड कोरडे, अंग तापलेले, असे डॉक्टरांनी आमच्या शिपायाजवळ कळवले होते. ही धोत्र्याची लक्षणे. वाटसरूंना धोत्रा चारून लुटणारे त्या काळी असत, त्यामुळे प्रत्येक ठाणेदाराला ती पाठ होती. मळ्याच्या कुंपणाला धोत्रा माजलेलाच होता. पंचनामा केला. चुलीजवळची भांडी मोहोरबंद करून रासायनिक तपासणीसाठी नागपूरला पाठवली. तिकडून उत्तर यायला आठवडे लागत, आणि मुलगी तोवर जगेल की नाही, हे डॉक्टरही सांगू शकत नव्हते.

सासूला चौकशीसाठी आणले. बाईमाणूस म्हणून तिला कोठडीत न घालता ओसरीवर, चौकीदाराच्या बायकोजवळ बसवले. वाळलेल्या अंगाची, करड्या चेहऱ्याची बाई. दोघींनी एकाच टोपल्यातली भाकर खाल्ली, एवढे तिने सांगितले. दुपारी कडी लावून काय चालायचे, या प्रश्नावर मात्र तिचे तोंड मिटले. हवालदार दरडावून पाहत होता, मी समजावून पाहिले. मुलगी गेली आणि खून ठरला तर फाशीही होऊ शकते, हेसुद्धा सांगितले.

"नाई सांगत, साहेब," एवढेच ती म्हणाली.

विष घालणारा माणूस बहुधा देवाच्या शपथा घेतो, नाहीतर दुसऱ्या कोणाचे नाव पुढे करतो. ही बाई दोन्हींतले काहीच करत नव्हती. सून बोलली का, असे मात्र विचारत होती, आणि त्याने माझा संशय उलट पक्का होत होता. मी उठू लागलो तेव्हा तिने हात जोडले.

"एक करा. तिच्या डोक्यावरचा पदर कोनाले काढू देऊ नका."

बायकांची रीत म्हणून मी ते सोडून दिले. जेवणानंतर पुन्हा बसलो, तेव्हा पुन्हा तेच. स्वतःच्या सुटकेबद्दल एक शब्द नाही. मी विचारले, "तिच्या डोक्याला काय झालंय?" त्यासरशी तिचा चेहरा असा उतरला की मी पुढे काही न विचारता अमरावतीची मोटार गाठली.

त्या वाटेइतकी लांब वाट मला पुन्हा कधी वाटली नाही. मोटार जागोजागी थांबे, गाठोडी चढत, माणसे उतरत, आणि आपण पोचेपर्यंत मुलगी हातची जाते की काय, हीच धास्ती.

डॉक्टरांनी आधीच पोट धुतले होते, तरी ती सुधारत नव्हती. मी नर्सबाईंना पदर काढायला सांगितले. खाली वेणी दिसली. नर्सबाईंनी हात लावताच ती वेणी सुटून आली. ते खोट्या केसांचे गंगावन होते, फडक्याने घट्ट बांधलेले. फडक्याखाली डोके जवळजवळ उघडे, घासून लाल झालेले, आणि त्यावर हिरवट काळ्या तेलाचा थर. डॉक्टरांनी तो थर बोटाने चाचपून पाहिला. मग त्यांनी गरम पाणी आणि साबण मागवला. विष पोटात नव्हतेच. ते सोललेल्या कातडीतून अजून अंगात उतरत होते.

मी ताबडतोब तिवशाला परतलो. आम्हाला सगळे कळले आहे म्हणून सासूला सांगितले, तेव्हा ती बोलली. तापात सुनेचे केस गेले होते. मुलगा सणाला घरी येणार होता. बाजारात एका फिरत्या औषधवाल्याने जंगली पाल्याचे तेल दिले आणि डोके खरखरीत फडक्याने घासून मग लावायला सांगितले. "डोक्याले लावल्यानं कोनी मरते काय, साहेब? माह्या तर ध्यानातच नाई आलं," असे म्हणून ती पहिल्यांदा रडली.

आता दुसरीच काळजी उभी राहिली. त्या बाजारात आणखी बायकांनी बाटल्या घेतल्या होत्या. मी दवंडी पिटवली, पण कोणी पुढे आले नाही. लपवून घेतलेली वस्तू चारचौघांत कोण आणून देणार? शेवटी सासूच उठली. चौकीदाराच्या बायकोला घेऊन ती त्या बाजाराला येणाऱ्या आसपासच्या गावांत घरोघर गेली आणि प्रत्येकीला सांगत सुटली की, माझेच केस गेले होते, मीच लावले आणि मरता मरता वाचले. सुनेचे नाव तिने कुठे घेतले नाही. बायका पदराआड बाटल्या आणून तिच्या हाती देऊ लागल्या.

तारेने खबर दिल्यावर औषधवाला अकोल्याच्या बाजारात सापडला. त्याचे मूळचे तेल माका आणि जास्वंदीचे. निरुपद्रवी. गुण येवो न येवो, अपाय नव्हता. मग त्यात धोत्रा कशाला, असे विचारल्यावर तो म्हणाला, "माका धीरानं लागते, साहेब. लोकाले उद्या केस पायजे. डोक्यात चुनचुन झाली का मंग गिऱ्हाइकाले वाटते, औषध लागून राहिलं." डोके घासायची युक्तीही त्याचीच. विषारी पदार्थाबाबत हयगय केल्याबद्दल त्याला शिक्षा झाली.

मुलगी वाचली. तापात गेलेले केस बहुतेक आपोआप परत येतात, असे डॉक्टर म्हणाले. ते ऐकून मला राग आला की हसू, हे आज सांगता येणार नाही.

सासूला सोडताना मी विचारले, दारामागे काय चालायचे एवढे सांगितले असते, तर त्याच घडीला सुटका झाली असती. मग गप्प का राहिलात?

"तुमी मले सोडलं असतं," ती म्हणाली. "गावानं तिले सोडलं नसतं. जित्या नवऱ्याच्या बायकोचं असं विधवेवानी डोकं, मंग सारा जलम बोलनं खा."

त्यानंतर कितीतरी जबान्या घेतल्या. खोटे बोलणारा काहीतरी लपवतो, हे आम्हाला शिकवलेलेच असते. पण लपवलेली प्रत्येक गोष्ट गुन्हाच असते असे नाही, आणि कडी लावलेल्या दारामागे कोणी कोणाला जपतही असते, हे मला त्या ओसरीवर कळले.