नातीची मिटलेली मूठ

पहिली आली शेजारची सुमन, तिला पाहुण्यांचा वास लागतोच! मागनं ताथवड्याच्या कॉलेजातल्या दोन पोरी आल्या. कुठला व्यायाम करायचा ते घरचे पोरांना ठरवू देतात का, असं विचारत फिरतायत. मी खूश, चहा टाकला.

"घरच्यांची साथ किती, पाच बोटांवर दाखव," त्या दोघी माझ्या नातीला म्हणाल्या.

मला वाटलं, पाची दाखवंल. रोज तिला माझ्यासंगं देवळापर्यंत चालायला नेते की!

तिनं मूठच दाखवली, एकबी बोट नाही. "आजी, मी कबड्डी म्हणते, तू देवळात नेतीस."

उतू गेलेला चहा पुसला, तर हाताला चटकाही कळंना.

बायांनो, आमच्या चिखलीत पोरींना कबड्डी कुठं शिकवतात, सांगा गं. त्या कॉलेजच्या पोरी रविवारी परत येणार हायेत.