ग्राफिक्सची चिप आणि कोथिंबीर

नेरूळच्या दातांच्या दवाखान्यात एक मुलगी माझ्या शेजारी बसली होती. गाल सुजलेला, हातात तळहाताएवढा लिनक्स कॉम्प्युटर. पडद्यावरची दातेरी चाकं अडखळत फिरत होती आणि नंबर यायच्या आत तिला ती सुरळीत करायची होती.

"बिघडलाय का गं?" मी विचारलं.

"नाही आजी. चित्रं काढणारी ग्राफिक्सची चिप आत आहे, पण तिला काम सांगणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हरच नाही. बिचारा प्रोसेसर एकटाच राबतोय."

मला माझी तरुणपणची ऐट आठवली. हे घरात रिकामे, आणि मी पिठाच्या हातांनी शेजारणींना सांगायची, ह्यांना घरकाम नाही हो जमत.

तिने गाल धरून चार ओळी टाइप केल्या आणि ड्रायव्हर टाकला. चाकं गरगर फिरली. ती हसली आणि लगेच कळवळली.

घरी येऊन मी ह्यांच्यापुढे कोथिंबीर ठेवली. ह्यांनी ती मन लावून निवडली. देठं डब्यात, पानं कचऱ्यात.

ड्रायव्हर चुकीचा पडला असावा. उद्या पुन्हा टाकते.