चार बोटांची फट

पत्रेवाल्या मामांनी चाळीस वर्षं लोकांच्या डोक्यावर पत्रे बसवले. गोदामं, गॅरेजं, सायकलींच्या शेड, एकदा तर कोंबड्यांचं खुराडंसुद्धा. नियम एकच: फट ठेवायची नाही. फटीतून पाणी येतं, आणि फटीतूनच वारा शिरून पत्रा उचलतो. त्यांचा एकही पत्रा कधी उडाला नाही. हे ते स्वतः सांगत नसत. मामी सांगायच्या, तेही फक्त परक्यांसमोर.

काम थांबवल्यावर त्यांनी एक जुनी कॅराव्हॅन घेतली. गाडीमागे ओढायचं, एका खोलीचं घर. दोन बाकं, दोन शेगड्या, गुडघ्याएवढा फ्रिज. लेक तीन दिवसांच्या वाटेवर राहायची. चार वर्षं तिच्याकडे जाणं झालं नव्हतं, कारण मामींच्या इंजेक्शनच्या कुप्या. आठ अंशांच्या वर गेल्या की त्या फेकून द्यायच्या. आणि वाटेतले मुक्काम असे, की जिथे विजेचा खांबही दिसत नाही.

"छतावर सोलर बसवतो," मामा म्हणाले. "बॅटरी भरत राहील, फ्रिज चालत राहील."

"बसवा. मग तीन दिवस अंगणात उभी करा. फ्रिजमध्ये पाण्याची बाटली आणि थर्मामीटर. आठच्या वर गेलं नाही, तर मी येते. गेलं, तर तुम्ही एकटे जा आणि लेकीला सांगा, आई येत नाही म्हणून."

"लग्नाच्या वेळी नव्हती घेतलीस एवढी परीक्षा."

"तिथंच चुकलं."

दुकानात चष्मा केसांत खोवलेली एक बाई होती. तिने दोन पॅनेलं दाखवली. एक काचेचं, ॲल्युमिनियमच्या चौकटीचं, पायांवर उभं राहणारं. दुसरं पातळ, वाकणारं, छताला थेट चिकटवायचं. मामांनी पातळ पॅनेलवरून हात फिरवला. फट न ठेवता बसणारं, त्यांना हवा होता तसा जणू पत्राच.

"मामा, काचेचं घ्या," बाई म्हणाली. "खालून हवा खेळती राहते."

"हवा खेळायला लागली की छत उडतं, ताई."

"पॅनेल तापलं की वीज कमी देतं. यावर लिहिलेला आकडा गार पॅनेलचा आहे."

"आकडा फ्रिजला पुरतो. मी हिशोब केलाय."

बाईने चष्मा डोळ्यांवर आणला, त्यांच्याकडे नीट बघितलं आणि पॅनेल बांधून दिलं. ऐकणारं गिऱ्हाईक आणि न ऐकणारं गिऱ्हाईक तिला ओळखू येत असावं.

काम दीड दिवसाचं झालं. त्यातला एक दिवस नुसता छत घासण्यात गेला. साबण, मग पॉलिश पेपर, मग स्पिरिट. ही घासाघीस लोक टाळतात आणि मग चिकटवलेलं सुटलं की डिंकाला शिव्या देतात. मामांनी टाळली नाही. पॅनेल असं बसवलं, की कडेखाली नख जाईना. वायरीसाठी छताला एकच भोक पाडलं आणि तेही बंद केलं. खाली उतरून शिडीला टेकून ते बराच वेळ वर बघत राहिले.

पहिल्या दिवशी फ्रिज पाच अंशांवर. दुसऱ्या दिवशी पाचच, पण संध्याकाळी बॅटरी निम्म्यावर आली होती. तिसऱ्या दिवशी दुपारी बॅटरी संपली आणि फ्रिजची घरघर थांबली. मामींनी जेवणानंतर बाटली काढून पाहिली. अकरा.

"अहो," त्या एवढंच म्हणाल्या आणि थर्मामीटर बाकावर ठेवून घरात गेल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मामा आत बाकावर बसले. ऊन लख्ख होतं, सावली कुठे नव्हती, वायर घट्ट होती. मग आकडा कुठे गेला? त्यांनी हात वर करून छताला लावला आणि पटकन मागे घेतला. तवा. हातभर बाजूला, जिथे वर पॅनेल नव्हतं, तिथे छत नुसतं कोमट. म्हणजे पॅनेल तापून वीज कमी देत होतं, शिवाय छत तापवून खोली तापवत होतं, आणि खोली तापल्यामुळे फ्रिज दुप्पट खात होता.

मग त्यांना आठवलं. पत्र्याखाली माणसं भाजून निघतात म्हणून चाळीस वर्षं ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत आले होते: खाली दुसरं छत घाला, मधे हवा ठेवा.

ते घरात गेले. "माझं चुकलं," म्हणाले आणि सगळं सांगितलं.

मामी भाजी चिरत होत्या. "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा," त्या म्हणाल्या. मग सुरी न थांबवता, "किती दिवस लागतील?"

"चार. बसवलंय मीच, सहज निघणार नाही."

खरोखरच निघालं नाही. पातळ तार पॅनेलखाली घालून, करवतीसारखी ओढत, वीत वीत कापावं लागलं. पॅनेल फाटलं ते वेगळंच. दोन दिवस डिंक खरवडण्यात गेले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपल्या पक्क्या कामाचा राग आला.

दुकानातल्या बाईने काचेचं पॅनेल काढलं. "सांगितलं होतं," असं तिने म्हटलं नाही. "पाय चार देऊ?" एवढंच विचारलं.

"सहा द्या. वाऱ्याला मी ओळखतो."

सहा पाय, प्रत्येकाखाली डिंक आणि स्क्रू दोन्ही. पुढच्या कडेला वारा अडवणारी तिरकी पट्टी. छत आणि पॅनेल यांच्यामध्ये चार बोटांची फट. बोटं घालून मोजली, दर कोपऱ्यात. मग शिडीवर उभं राहून दोन्ही हातांनी पॅनेल उचलायचा प्रयत्न केला. कॅराव्हॅन स्प्रिंगांवर डुलली. पॅनेल हललं नाही.

पुन्हा तीन दिवस. पाच अंश. पाच. तिसऱ्या दुपारी मामींनी बाटली काढली, थर्मामीटर डोळ्यांजवळ धरला, मग मामांच्या डोळ्यांजवळ धरला. पाच. बॅटरी भरलेली होती.

मामी घरात गेल्या. बाहेर आल्या तेव्हा हातात कुप्यांचा डबा होता. कॅराव्हॅनच्या फ्रिजमधली पाण्याची बाटली त्यांनी मामांच्या हातात दिली आणि तिच्या जागी डबा ठेवला.

"लेकीला फोन करा," म्हणाल्या. "आणि मुक्कामाला गाडी उन्हात लावा. सावली शोधत बसू नका सवयीने."

"आणि आपण?"

"आपण झाडाखाली. खुर्च्या दोन घ्या."