सैल सोडा

“हाताचं काय ते बघा, माझं काही बघू नका,” असं मावशी फिजिओथेरपीच्या खोलीत शिरता शिरताच म्हणाल्या होत्या. डॉक्टर खळखळून हसले. बाई विनोदी आहेत असं त्यांना वाटलं. तशा त्या होत्याही. हॉटेलच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं, आणि वाफेने कोंदलेल्या त्या हॉलमध्ये बायका एकमेकींची टर उडवूनच दिवस काढतात.

चादरीला दोघी लागतात. एक इकडे, एक तिकडे. टोकं डोक्याच्या वर न्यायची आणि झटका द्यायचा, की चादर सरळ पडते. मावशींचा उजवा खांदा आखडला तेव्हापासून त्यांच्या बाजूची चादर जमिनीवर लोळू लागली. “मावशी, तुमच्या बाजूची अजून झोपेतच आहे हो,” जोडीदारीण म्हणायची आणि पुढे येऊन टोक उचलून घ्यायची. पण मुकादमाच्या नजरेतून हे किती दिवस सुटणार? त्याने सरळच सांगितलं, महिनाअखेरपर्यंत हात वर गेला पाहिजे, नाहीतर खालच्या खोलीत मळके टॉवेल निवडायला बसा. खालच्या खोलीला खिडकी नव्हती. तिथे बसवलेली बाई पुन्हा वर आलेली मावशींनी पाहिली नव्हती.

म्हणून मुलाने अर्ध्या दिवसाची रजा टाकून त्यांना इथे आणलं, आणि पहिल्याच दिवशी ते घडलं.

डॉक्टरांनी त्यांना टेबलावर उताणं झोपवलं, मनगट धरलं आणि हवापाण्याच्या गप्पा मारत हात डोक्याकडे न्यायला सुरुवात केली. “सैल सोडा. सगळं अंग सैल सोडा.” हाताबरोबर मावशींचं अंगही उचललं जाऊ लागलं, तेव्हा डॉक्टरांनी मदतनीस बाईंना हाक मारली, “जरा धरा ह्यांना.” तिथली पद्धतच तशी होती. मदतनीस बाई मावशींच्याच वयाच्या, रुंद पंजांच्या. त्यांनी डोक्यामागून येऊन मावशींचे खांदे खाली दाबले. वर छताला ट्यूबलाइट जळत होती.

पुढचं मावशींना सलग आठवत नाही. तोंडात खारट चव आली, कुणीतरी किंचाळलं, आणि बघतात तर त्यांचे दात त्या बाईंच्या हातात रुतलेले.

मुलगा धावत आत आला आणि सगळ्यांना हात जोडत सुटला. “आई असं कधी करत नाही हो, खरंच नाही.” बाहेरच्या बाकावरची माणसं माना लांब करून पाहत होती. मावशींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बसमध्ये मुलगा दबक्या आवाजात म्हणाला, “लहान पोर आहेस का, आई? माणसाला चावतं का कुणी? एवढं दुखलं?”

“हो,” त्या म्हणाल्या.

खरं तर दुखलंच नव्हतं.

हाच मुलगा जन्मला त्या खोलीतही वर अशीच ट्यूबलाइट होती. एका बाईने डोक्यामागून तिचे, तेव्हाच्या मावशींचे, दोन्ही हात वर ओढून धरले होते. दुसरी, जागा बधिर वगैरे काही न करता, टाके घालत होती. दोघी कुणाच्या तरी लग्नाबद्दल बोलत होत्या. ती ओरडली तेव्हा मांडीवर चापट बसली. “एवढं काय किंचाळतेस? सैल सोड.” आणि तेव्हा ती, एकोणीस-वीस वर्षांची पोर, त्या दोघींना म्हणाली होती, “चुकलं. पुन्हा नाही ओरडणार.”

चापट ती कधीच विसरली असती. माफी विसरता आली नाही. बाहेर आल्यावर नणंदेने विचारलं तेव्हा तिने सांगून टाकलं, “काही त्रास नाही, पोरगा पाण्यासारखा आला.” मग घरात तेच रूढ झालं. मुलगाही अभिमानाने सांगायचा, की माझ्या वेळी आईने हूं की चूं केलं नाही. आता त्याला काय सांगणार? तुझ्या जन्माची वेळ आठवली की मला मळमळतं, असं? त्यात त्याचा काय दोष?

खिडकी नसलेल्या खोलीच्या धाकाने त्या पुन्हा गेल्या. डॉक्टरांनी आपलं अंग काढून घेतलं होतं, आणि त्यांना एका नव्या थेरपिस्टकडे सोपवलं होतं. आखूड केसांची, मुलाच्याच वयाची. ती स्टूल ओढून समोर बसली. मावशींनी उत्तर तयार ठेवलं होतं, की त्या दिवशी चक्कर आली होती. पण तिने ते विचारलंच नाही.

“झोपून करायचं की बसून? दार उघडं हवं की लोटून घेऊ?”

मावशींनी मुलाकडे पाहिलं.

“त्यांना नाही, तुम्हाला विचारतेय,” ती म्हणाली.

“उघडं,” मावशी म्हणाल्या. मग मुलाला म्हणाल्या, “तू जा बाहेर.”

तो गेल्यावर ती म्हणाली, “मागे काही झालं असेल आणि सांगावंसं वाटलं तर सांगा. नाही सांगितलंत तरी हात तेवढाच बरा होईल. आणि थांबा म्हणालात की मी थांबणार. हात धरू?”

तिने हात जेमतेम उचलला आणि मावशी म्हणाल्या, “थांबा.” ती थांबली. पुन्हा उचलला. “थांबा.” पुन्हा थांबली. दुखत तर काहीच नव्हतं.

“मावशी, ब्रेक तपासून झाला असेल तर गाडी पुढे घेऊ?”

“अजून एकदा बघते,” मावशी म्हणाल्या, आणि त्यांना हसू फुटलं.

मग एकदा तिनेच, व्यायाम करून घेता घेता, सांगितलं, “अंग आखडतं ते काही हट्टाने नाही. भीतीने आखडतं. आणि भीतीला सैल सोड म्हणून हुकूम देता येत नाही.” मावशी खिडकीबाहेर पाहत राहिल्या. त्या दिवशी हात कानापर्यंत गेला. महिना संपायच्या आत लाँड्रीत चादरीला झटका बसला. जोडीदारीण ओरडली, “आली ग बाई जाग!” मुकादम बघून न बघितल्यासारखं करून निघून गेला.

हात सुटला, लाज सुटेना. मदतनीस बाई पट्टी बांधलेल्या हाताने खोल्यांतून ये-जा करायच्या, आणि त्यांची चाहूल लागली की मावशी भिंतीवरचं सांगाड्याचं चित्र वाचायला लागायच्या. माफी मागायलाच हवी, हे त्या घरून ठरवून निघत आणि तशाच परत येत.

शेवटच्या दिवशी मुलगा घ्यायला आला, तर मदतनीस बाई बाहेरच, बाकांसमोर, शेकाच्या पिशव्या आवरत होत्या. पट्टी सुटली होती. अंगठ्याच्या मुळाशी तपकिरी अर्धगोल उरला होता.

“बरं झालं भेटलात,” मुलगा मोठ्याने म्हणाला. “आई, सॉरी म्हण ना त्यांना.”

मावशींनी तोंड उघडलं. शब्द जिभेवर तयार होता. तोच जुना शब्द, त्याच पोरीच्या आवाजात.

“राहू द्या हो,” मदतनीस बाई घाईने म्हणाल्या. त्यांची मान खाली गेली होती. “मागून येऊन धरलं ते मीच. विचारलं नाही, सांगितलं नाही. इतकी वर्षं अशीच धरत आले सगळ्यांना. माझं चुकलं, मावशी.”

बाकांवरची माणसं वळून बघू लागली.

“छे छे, तुमचं कसलं चुकतंय!” मुलगा हसला. “तुम्ही आपलं काम करत होता. आमच्या आईचंच चुकलं. आई, बोल ना काहीतरी.”

‘माझं चुकलं’ हे वाक्य कुणीतरी आपल्याला म्हणावं म्हणून मावशी किती वर्षं थांबल्या होत्या, ते त्यांना तिथे उभं असताना कळलं. आणि ते म्हणाली कोण, तर जिच्या हातावर त्यांचे दात उमटले होते ती. ज्यांनी म्हणायला हवं होतं त्या बाळंतपणाच्या खोलीतल्या दोघींना तर मावशींचा चेहराही आठवत नसेल. आता आपण ‘चुकलं’ म्हणालो तर ह्या बाईंचं म्हणणं पुसून जाईल, मुलगा खूश होईल, आणि त्या खोलीतली पोर पुन्हा एकदा माफी मागेल. आणि नाहीच म्हणालो, तर ह्या बाईंच्या हाताला चावल्याची माफी राहूनच जाईल. दोन्हीकडून लाजच. सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत होते.

मावशींनी पिशवी उचलली, त्या डागाकडे एकदा नीट पाहिलं, आणि एक शब्दही न बोलता बाकांच्या मधून वाट काढत त्या बाहेर पडल्या.