हॉर्न दोनदा वाजला होता

गोदामात तिला तिच्या नावाने कोणी ओळखत नव्हतं. नाव हजेरीच्या कागदापुरतं होतं, बाकी सगळ्या जगासाठी ती सरका मावशी. अकरा वर्षं तिने हातगाडी ओढली. हातगाडी म्हणजे जमिनीला चिकटलेल्या दोन लोखंडी जिभा आणि एक दांडा. माल रचलेल्या लाकडी पॅलेटखाली जिभा सारायच्या, दांडा चार-सहा वेळा खालीवर करायचा, माल बोटभर उचलला की ओढत सुटायचं. ओढणं सोपं, थांबवणं अवघड. सातशे किलो फरशा एकदा निघाल्या की त्या कोणाच्या बापाचं ऐकत नाहीत, म्हणून मग माणसांना ऐकवावं लागतं. पहिल्याच आठवड्यात तिने एका हमालाच्या टाचेला गाडी लावली होती. त्याने तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि त्या दिवसापासून तिने आवाज कमावला.

"सरकाऽऽ रे!"

'सर' खाली, 'का' एकदम वर, आणि तो लांबलेला सूर छताच्या पत्र्याला लागून परत खाली यायचा. रांगेच्या त्या टोकाला बसलेला माणूस आधी पाय आखडून घ्यायचा आणि मग विचार करायचा, की आपण पाय का आखडले. हाक दिल्यावर मावशी कधी थांबली नाही. हाक द्यायची आणि चालत राहायचं. सरकणं हे समोरच्याचं काम. अकरा वर्षं समोरच्याने ते चोख केलं.

दुसरी हातगाडी तिचा जावई ओढायचा. त्याला इथे चिकटवलं तिनेच. साहेबांकडे तीन खेपा घातल्या, माझा जावई म्हणजे वाघ आहे वाघ, असं सांगितलं, आणि हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. वाघ राहायचा तिच्याच दोन खोल्यांत, तिच्याच पंख्याखाली. गोदामात त्याला कोणी 'काय घरजावई' म्हटलं की त्याच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. बोलायचा मात्र नाही काही. त्याच्याकडे दुसरी सोय होती. तो नकला करायचा, आणि अशा करायचा की मूळ माणूस खोटा वाटावा. साहेबांचं नाकात बोलणं, पहारेकऱ्याचा खोकला, सगळं. आणि सगळ्यात उत्तम नक्कल सासूची. घरी तो तिला 'आई' म्हणायचा, गोदामात चारचौघांसारखा 'मावशी', आणि तिची पाठ वळली की तो स्वतःच मावशी व्हायचा.

एका सोमवारी साहेबांनी दोघांना बोलावलं आणि नाकातून सांगितलं की हातगाड्या आता भंगारात जाणार, फोर्कलिफ्ट येणार. मशीन एक, सीट एक. पाच आठवडे शिकायचं, सहाव्या सोमवारी परीक्षा. पास होईल तो बसेल, दुसरा घरी बसेल. एवढं बोलून साहेबांनी दोघांना चहा पाजला, कारण घरी बसवण्याआधी माणसाला चहा पाजावा असं त्यांना कुठेतरी शिकवलेलं असावं.

मावशी तेव्हा एकोणपन्नास वर्षांची. सायकलसुद्धा कधी चालवलेली नाही. जावई तीस वर्षांचा, चाक असलेलं काहीही चालवलेला. हमालांनी पैजा लावल्या नाहीत, कारण मावशीच्या बाजूने पैज लावायला कोणी मिळेना.

शिकवायला एक मास्तर आले. तोंडात सदा बडीशेप, आणि सगळ्या जगाला एकच शिकवण. "मोटार तोंडाने वळते," ते म्हणायचे, "ही बाई ढुंगणाने वळते. पुढे बघाल तर मागे कोणालातरी माराल." खरंच तसं होतं. फोर्कलिफ्टची वळणारी चाकं मागे असतात. पुढचे माल उचलायचे काटे जागच्या जागी फिरतात आणि मागचा सगळा भार बाहेर झोकांडी खातो. जावयाला हे दोन दिवसांत कळलं आणि तिसऱ्या दिवशी तो एका हाताने चाक फिरवायला लागला. चौथ्या दिवशी त्याने मागच्या झोकांडीने रॅकचा एक खांब वाकवला. मावशी पाठीमागेच उभी होती. जावईबापू, तुम्ही गाडी चालवताय की मिरवताय, असं तिने सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात विचारलं.

मावशीची गोष्ट वेगळी. ती हळू चालवायची, मागे बघायची, काटे पॅलेटखाली असे घालायची जसं भाकरीखाली उलथणं सारावं. मास्तर बडीशेप चघळायचे थांबून बघत राहायचे. पण कोपरा आला की सगळं मुसळ केरात. कोपऱ्यावर हॉर्न द्यायचा असतो. मावशीचा अंगठा हॉर्नवर नुसता ठेवलेला असायचा आणि तोंडातून निघायचं, "सरकाऽऽ रे!" आणि मशीन चालतच राहायचं.

मास्तरांनी समजावलं. मशीनला तोंड दिलेलं आहे, तुमचं बंद ठेवा. हॉर्नचा आवाज मशीनपेक्षा मोठा असतो, माणसाचा नसतो. परीक्षेत तोंडाने ओरडलात की तिथेच नापास, वर जाऊन अपील नाही. मावशी मान डोलवायची, सीटवर बसायची, कोपऱ्याला जायची, आणि पुन्हा सरकाऽऽ रे.

शेवटी मास्तरांनी उपाय काढला. तिला तोंडात पाण्याचा घोट धरून मशीन चालवायला लावलं. गिळायचं नाही, थुंकायचं नाही, फेरी संपली की बादलीत टाकायचं. दोन्ही गाल फुगलेले, डोळे बाहेर, नाकाने फुसफुस, आणि खाली चार टनांचं मशीन. जेवणाची सुट्टी झाली की सगळं गोदाम डबे घेऊन बघायला यायचं. पहिल्या तीन दिवसांत ती कोपऱ्यागणिक मशीनच्या मीटरच्या घड्याळांवर फवारा मारायची. हमालांनी तिला नवीन नाव सुचवलं, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

जावयाला तर रान मोकळं मिळालं. त्याला आधी वाटलं होतं की म्हातारी आपोआप पडेल, पण मास्तर बडीशेप चघळायचे थांबतात हे त्याने पाहिलं होतं. मावशीची फेरी चालू असताना तो रॅकच्या आडून हुबेहूब तिच्या आवाजात हाक मारायचा. एका कोंबड्याने बांग दिली की दुसऱ्याला राहवत नाही, तसं तिचं तोंड तिच्या नकळत उघडायचं आणि पाणी घड्याळांवर. गोदाम लोळायचं. मग हमालही शिकले. दोन आठवड्यांत निम्मं गोदाम सरका मावशी झालं. कोणी चहाच्या रांगेत घुसताना म्हणायचं, कोणी मुतारीच्या दारावर. पहारेकरी खोकून झाल्यावर म्हणायचा. जावई सगळ्यांचा गुरू. तुझा 'का' पडतोय, तुझं शेवटचं आखूड होतंय, असं तो एकेकाला सुधारून द्यायचा.

घरीही सुटका नव्हती. एका संध्याकाळी मावशी आत भांडी घासत होती आणि बाहेर जेवता जेवता त्याने गाल फुगवून मशीन चालवलं. तिची लेक इतकी हसली की तिच्या नाकातून पाणी आलं. मावशीने ते हसणं ओळखलं. लहानपणी लेकीला गुदगुल्या केल्या की ती असंच हसायची. तिने एक पातेलं, जे आधीच स्वच्छ होतं, ते पुन्हा घासलं.

दुसऱ्या दिवशी तिने मास्तरांकडे पाणी मागितलं नाही. चौथा आठवडा संपताना तिचा अंगठा शहाणा झाला होता. कोपरा आला की पीं, पीं. आडून कोणीही हाक मारो, तिचे ओठ शिवलेले. परीक्षा चार दिवसांवर आली तेव्हा मास्तर साहेबांना म्हणाले की पोरगा बरा आहे, पण बाई पक्की आहे. हे पहारेकऱ्याने ऐकलं, म्हणजे सगळ्यांनी ऐकलं.

तो गुरुवार. मावशीची फेरी होती, जावयाची नव्हती. तो तिसऱ्या रांगेच्या तोंडाशी चार हमाल जमवून मास्तरांची बडीशेप चघळून दाखवत होता. मशीनच्या वाटेच्या दोन्ही बाजूंना पिवळ्या रेघा आखलेल्या होत्या. त्याचा उजवा पाय रेघेच्या आत होता. लोखंडी टोकाचे बूट त्याला चावायचे, म्हणून ते कपाटात आणि पायात चपला.

मावशी फरशांची पॅलेट घेऊन रांगेत वळत होती. सकाळपासून बारा कोपऱ्यांवर तिचा अंगठा चुकला नव्हता. पण त्या कोपऱ्यांवर आडवे आलेले सगळे परके होते. आता आरशात तिला घरचं माणूस दिसलं, त्याचा पाय दिसला, मागचा भार तिकडेच झोकांडी खाणार हेही दिसलं, आणि अंगठा विसरला, तोंड धावलं.

"सरकाऽऽ रे!"

आणि अकरा वर्षांच्या सवयीप्रमाणे, हाक देऊन ती थांबली नाही.

हमाल खिदळले. जावयाने वळूनसुद्धा पाहिलं नाही. हात वर करून, डोळे मिटून, उस्तादाने शागिर्दाला दाद द्यावी तशी त्याने दाद दिली.

"वा! कोण रे हा? 'का' अगदी बरोबर लागलाय. फक्त शेवटचं जरा लांबव."

शेवटचं मग त्याने स्वतःच लांबवलं. मागचं चाक त्याच्या पायावरून गेलं तेव्हा जो सूर निघाला तो पत्र्याला लागून कितीतरी वेळ खाली आला नाही, आणि तो कोणाचीच नक्कल नव्हता.

तीन बोटं गेली. उरलेल्या दोन बोटांबद्दल डॉक्टर म्हणाले, बघू.

साहेबांनी मशीनची चावी खिशात घातली आणि चौकशी सुरू केली. नियम सरळ होता. हॉर्न वाजला असेल तर चूक पायी चालणाऱ्याची, तो रेघेच्या आत का उभा होता? हॉर्न वाजला नसेल तर चालवणारी कायमची खाली. साहेबांनी एकेका हमालाला विचारलं. हाक ऐकली? ऐकली की साहेब, रोजच ऐकतो. कोणी मारली? आता काय सांगावं, निम्मं गोदाम मारतं. आणि हॉर्न? यावर प्रत्येक जण छताकडे बघायचा. मशीन दिवसभर पीं पीं करतं, कोण मोजतंय. मावशीला विचारलं तर ती म्हणाली, वाजवला. पण ती तसं म्हणणारच. आता उरला एकच साक्षीदार, ज्याच्या पायावरून मशीन गेलं तो. उद्या चार वाजता दवाखान्यात येतो, साहेब म्हणाले.

मावशी तीन वाजताच पोचली. बरोबर लेक होती, आणि एका पिशवीत जावयाचे लोखंडी टोकाचे बूट, कोरे करकरीत. पिशवी तिने खाटेखाली ठेवली, बुटांची टोकं बाहेर दिसतील अशी. मग स्टूल ओढून पायाच्या बँडेजसमोर बसली. जावई भिंतीकडे बघत होता. त्याने रात्रभरात ठरवलं होतं. हॉर्न नव्हता. हे तो सांगणार होता, आणि ते खरं होतं. त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्याकडे दुसऱ्याची नक्कल नसलेलं एक वाक्य होतं.

"काय सांगणार आहात साहेबांना?" मावशीने विचारलं.

"जे झालं ते. हॉर्न वाजला नाही."

"बरं. मग मी खाली. तुम्ही तर या पायाने मशीनवर चढत नाही आता. दोघंही घरी. माझ्या घरी."

त्याने मान फिरवली. म्हणाला, आई, पाय माझा गेलाय. मला भरपाई तरी मिळेल. चूक माझी ठरली तर तीही नाही.

लेकीने पाण्याचा पेला भरला आणि हातातच धरून ठेवला. कोणाला द्यायचा ते तिला कळत नव्हतं. मावशी पुढे वाकली. लग्नाला सात वर्षं झाली होती. सात वर्षांत, कितीही राग आला तरी, तिने जावयाला अहो-जाहो सोडलं नव्हतं. आता ती अगदी शांतपणे म्हणाली,

"भरपाई सहा महिने पुरेल. नंतर तू काय करशील? नकला? पोटावर पाय येण्यापेक्षा पायावर चाक आलेलं बरं. वाजव."

"काय?"

"हॉर्न. कसा वाजला होता ते वाजव. साहेब विचारतील."

त्याने बायकोकडे पाहिलं. तिने आईकडे पाहिलं, मग पेला त्याच्यापुढे धरला आणि हळूच म्हणाली, आई म्हणते तसं करा. तो पाणी प्यायला. घोट तोंडातच राहिला, क्षणभर त्याचे गाल फुगले. हसलं कोणी नाही.

"पीं," तो म्हणाला.

"एवढा बारीक नसतो. पोटातून काढ."

"पींऽ."

"किती वेळा?"

"एकदा."

"दोनदा. मास्तरांनी दोनदा शिकवलाय. परत."

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा कुशीवर वळून बघायला लागला. मावशीने सात-आठ वेळा वाजवून घेतला. कधी सूर वर गेला म्हणून, कधी मधलं अंतर कमी पडलं म्हणून. दर वेळी त्याचा पाय ठणकायचा आणि आवाज थरथरायचा, आणि मावशी म्हणायची, मशीन थरथरत नाही, परत.

चार वाजता साहेब आले. हातात कागद, कागदाखाली पुठ्ठा. दोन खाटांमधल्या चिंचोळ्या वाटेत उभे राहिले. खाटेखालच्या बुटांवर त्यांची नजर पडली आणि त्यांनी काहीतरी लिहिलं. मग नाकातून विचारलं, हॉर्न वाजला होता का? विचार करून सांग. तू सांगशील ते शेवटचं.

जावई मावशीकडे बघत म्हणाला, "वाजला होता साहेब. दोनदा. मीच लक्ष दिलं नाही."

साहेबांना ते पटलं नसावं. पेन कागदावर टेकवून, मान तिरकी करून त्यांनी विचारलं, "असं? कसा वाजला होता?"

त्याने डोळे मिटले. त्याच्या अंगात जे काही कसब होतं ते सगळं त्याने गोळा केलं, आणि वाजवला.

"पींऽ. पींऽऽ."

साहेब टुणकन बाजूला झाले. पुठ्ठा छातीशी धरून, शेजारच्या म्हाताऱ्याच्या खाटेला पाठ चिकटवून, दोन्ही पाय आखडून. आणि मग त्यांनी विचार केला असावा, की आपण पाय का आखडले. त्यांनी घसा खाकरला, इकडेतिकडे पाहिलं आणि कागदावर खूण केली. सोमवारी नऊ वाजता परीक्षा, मावशी, वेळेवर या, एवढं सांगून ते गेले.

लेक पेला विसळायला बाहेर गेली. जावई उशीत तोंड घालून पडला होता, त्याचे खांदे हलत होते. मावशीने त्याच्या पायावरची चादर नीट केली, पिशवीतले बूट तसेच राहू दिले आणि उठली.

"दुसरा जरा लांबला," ती म्हणाली. "एवढा लांब नसतो."