कौसाबाईचे दोन कोट

कौसाबाई कधी टेकायची नाय. शेंद्र्याला एका कंपनीत आमी दोघी ठेकेदाराच्या हाताखाली झाडू मारायचो. डबा खाताना बी ती उभीच, भाकर हातावर. "बाई, जरा बूड टेक की!" म्हनलं, तर म्हनायची, "टेकलं की दुखनं आठवतं." आता ती नाय, पर डोळ्याम्होरं येती ती उभीच.

गुडघे गेले तवा तिनं काम सोडलं. महिनाभर आधी काम सोडायच्या नोटिशीचा कागद दिला, त्याची झेरॉक्स ठिवली. शेवटच्या दिवशी कंपनीचे दोन कोट अन् बूट धुवून, वाळवून मुकादमाच्या हातात दिले. वर वाटीभर शेंगदान्याची चटनी. "दुसऱ्याची वस्तू रिकामी वापस करू नाय," म्हनली. मी बाजूलाच व्हते. मुकादमानं तिथंच बोट बुडवून चटनी चाखली. पावती काय मागितली नाय हिनं.

दोन महिने झाले, शेवटचा पगार नाय. दर सोमवारी हर्सूलहून यायची, गेटाम्होरं येरझाऱ्या घालायची. शेवटाला ठेकेदार म्हनला, "कोट-बूट जमा नाय. नोटीस न देता गेलीस, त्याचे बी पैसे कापले. उलट तूच देनं लागतीस."

"म्हंजे झाडायचं बी मीच, अन् पगार बी मीच तुला देयाचा व्हय रं?"

तिनं कामगार हापिसात अर्ज केला. तारखेला मी संगं गेले. रिक्षात म्हनली, "तू तोंड उघडू नको. तुला अजून तिथंच झाडायचंय."

तिथल्या साहेबानं झेरॉक्स बघितली, नोटिशीचं मिटलं. मंग इचारलं, "कोट देताना कुनी पाहिलं?"

"कुनीच नाय, साहेब," कौसाबाई म्हनली.

ठेकेदाराकडून आलेला मुकादम माज्याकडंच बघत व्हता. उठलेच मी. "मी पाहिलं, साहेब. ह्यानं चटनी बी खाल्ली तिची."

मुकादमानं मान खाली घातली. तिचा समदा पगार देयाचा ठरला.

दुसऱ्या दिशी मला गेटावरूनच वापस लावलं. चालू महिन्याचा पगार बी अडकवला.

कौसाबाईला कळलं तशी आली, दारातूनच कडाडली, "कुनी सांगितलं व्हतं बोलाया? आता खाशील काय, दगड?" तिनं हातात पडलेल्या पगारातले पैसे पुढं केले, मी हात लावला नाय.

तिनं ते कमरंला खोचले. "ऊठ."

"कुठं?"

"हापिसात. तुजा अर्ज देयाला. तू साहेबाम्होरं बोललीस म्हनून काढलं. ते बोलताना मी पाहिलं, आता मी सांगती."

अन् गुडघा दाबत दाबत माज्या पुढंच निघाली.